उभा वाचायचा तक्ता

चौथीच्या बाईंचं अक्षर पहिल्यांदा बघणारा हमखास विचारायचा, "छापून आणलंत का हो?" बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते शिडीवर चढले की खाली रंगाचा डबा धरून उभं राहायचं काम लहानग्या बाईंचं. मान वर करून करून त्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घेतली होती, की लांबून वाचता येईल तीच पाटी खरी. पुढे त्या शिक्षिका झाल्या, लग्न झालं, केसांत पांढरी बट आली, पण हाताची रंगाची सवय काही गेली नाही. शाळेत कुठलाही तक्ता करायचा निघाला, मग तो स्वच्छतेच्या नियमांचा असो नाहीतर शरीराच्या अवयवांचा, कागदाची गुंडाळी फिरत फिरत चौथीच्या वर्गात यायची. तिसरीच्या बाई तर दारातूनच हात जोडायच्या. "तेवढं फुफ्फुस काढून द्या हो, माझं भोपळ्यासारखं दिसतंय." बाई थोडं कुरकुरायच्या आणि काढून द्यायच्या. शाळेच्या शिपायापासून पहिलीच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना तक्तेबाई म्हणायचे, आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

त्या वर्षी शाळेला नवे मुख्याध्यापक आले. माणूस उत्साही, चालायचा कमी आणि धावायचा जास्त. कुठल्याशा प्रशिक्षणाहून ते परत आले ते डोक्यात एक खूळ घेऊनच. शिक्षकांच्या बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाले, "मुलांची प्रगती भिंतीवर दिसली पाहिजे! प्रत्येक वर्गात प्रगती-तक्ता. नाव, गुण, आणि पुढे रंगीत ठिपका. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे बरा, लाल म्हणजे धोका. दारातून आत आलेल्या माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे, वर्ग कुठे आहे."

सगळ्यांच्या नजरा आपोआप तक्तेबाईंकडे वळल्या.

बाईंनी तो तक्ता जीव ओतून केला. जाड पिवळसर कागद, कडेला निळी दुहेरी रेघ, नावं काळ्या शाईत. ज्याला सगळ्यात जास्त गुण तो सगळ्यात वर आणि तिथून उतरत उतरत खाली. ठिपके कागदावर रंगवण्याऐवजी त्यांनी घोटीव कागदाचे गोल कापून डकवले, म्हणजे ते लांबून चमकतील. तक्ता वर्गाच्या मागच्या भिंतीवर लागला, तेव्हा बघायला इतर वर्गांतले शिक्षक येऊन गेले. मुख्याध्यापक तर दोन पावलं मागे सरकून, मान वाकडी करून बघत राहिले. "बाई, तुमचा हात म्हणजे हात आहे," ते म्हणाले. बाई दिवसभर हवेत होत्या.

त्या तक्त्यात सगळ्यात खाली एका मुलीचं नाव होतं. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरत नसे. शाळेच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांची बेकरी होती, आणि दुपारी पावाची भट्टी उघडली की त्याचा वास खिडकीतून थेट वर्गात यायचा. तो आला की भिंगरी हात वर करून सांगायची, "बाई, झाले पाव!" जणू ही बातमी वर्गाला सांगणं हे तिचं सरकारी कामच. तिचे प्रश्न कधी संपत नसत. गणितात मात्र तिची गाडी रुतलेली होती, आणि तिच्या नावापुढे पहिल्या चाचणीचा लाल ठिपका चकाकत होता.

तक्ता लागल्यावर थोड्याच दिवसांत भिंगरीने बाक बदलून मागितला. "बाई, मला तिथे भिंतीकडे बसू द्या ना. तिथे वारा येतो." बाई म्हणाल्या, "बस बाई, बस." आणि आश्चर्य म्हणजे पोरगी सुधारली. चुळबुळ नाही, मागे वळणं नाही. भिंतीला पाठ लावून खांबासारखी ताठ बसायची. बाईंना वाटलं, चला, तक्त्याचा परिणाम दिसायला लागला. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी तसं सांगितलंही. फक्त एक गोष्ट त्यांना जरा खटकत होती. पावाचा वास यायचा, पण बातमी कोणी देत नव्हतं.

एक दिवस बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं. भिंगरी उठली नाही.

"अगं, ये ना. सोपं गणित आहे."

"इथूनच सांगते, बाई."

"फळ्यावर लिहायचंय. ऊठ."

भिंगरीने बाकाची कड घट्ट धरली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाई घाबरल्या. पोट दुखतंय की काय, ताप आहे की काय, म्हणून जवळ जाऊन त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला, आणि वाकल्या तशी त्यांना भिंत दिसली. भिंगरीचं डोकं जिथे टेकलेलं असायचं, बरोबर त्याच्यामागे तक्त्याची शेवटची ओळ होती. केसांचं तेल लागून लागून तिथला कागद काळपट झाला होता. लाल ठिपक्याची कड उचकटून दुमडली होती.

ही पोरगी इतके दिवस हलली नव्हती, कारण हलली असती तर तिचं नाव दिसलं असतं.

बाईंनी तिला तिथेच बसू दिलं, फळ्यावर दुसऱ्याला बोलावलं आणि तास कसाबसा रेटला. मुलं घरी गेल्यावर त्यांनी टाचण्या काढल्या, तक्ता उतरवला आणि गुंडाळून कपाटामागे टाकला.

घरी त्यांचे यजमान मटार सोलत बसले होते. ते औषधांच्या दुकानात कामाला होते, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून झाल्यावरही घरी त्यांचं तोंड बंद नसायचं. बाईंनी सगळं सांगितलं आणि डोळे पुसले.

"अहो, मी तो तक्ता किती हौसेने केला होता! आणि त्या लेकराला रोज तो अंगाने झाकावा लागत होता."

यजमानांनी हातातली शेंग ताटात टाकली. मग म्हणाले, "पण एक सांगू का? गणितात कच्ची म्हणतेस, आणि कुठे बसलं म्हणजे नेमकी कुठली ओळ झाकली जाईल याचा हिशोब तिने बरोबर केला. ही पोरगी कच्ची नाही गं. दुसरंच काहीतरी आहे."

बाई रडता रडता हसल्या. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. दुसरं म्हणजे काय?

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या चाचणीच्या उत्तरपत्रिका जमिनीवर पसरून बसल्या. आजवर त्यांनी पत्रिका तपासल्या होत्या त्या बेरीज करण्यासाठी, म्हणजे कोणाला किती गुण मिळाले ते बघण्यासाठी. कोण कुठे अडलं, हे त्यांनी कधी मांडून पाहिलं नव्हतं. आता एका मोठ्या कागदावर डावीकडे मुलांची नावं लिहिली, वर एकेक गणित लिहिलं, आणि ज्याचं जे चुकलं तिथे फुली मारत गेल्या. एकेका मुलाची आडवी ओळ भरत गेली. कोणाच्या ओळीत फुल्या कमी, कोणाच्या जास्त. यात नवं काय? हे तर त्यांना माहीतच होतं. कंटाळून त्या चहा ठेवायला उठल्या. कप घेऊन परत आल्या त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूने, आणि उभ्या उभ्याच थबकल्या. या बाजूने नावं उलटी दिसत होती, त्यामुळे मुलांच्या आडव्या ओळींऐवजी गणितांचे उभे रकाने नजरेत भरत होते. एका गणिताखाली फुल्यांची काळी रांग लागली होती, वरपासून खालपर्यंत. ३०२ वजा १४७. मधे शून्य असलेली हातच्याची वजाबाकी. हुशार म्हणून मिरवणाऱ्या मॉनिटरच्या नावापुढेही फुली. हिरव्या ठिपकेवाल्यांनाही फुली.

मुलांना बोल लावावा, तर इतकी सगळी मुलं एकदम कशी चुकतील? आणि शिकवणारी तर एकटीच होती.

बाईंचा चहा गार झाला. आडवं वाचलं की मूल दिसतं आणि उभं वाचलं की आपण दिसतो, हे इतक्या वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी कागद फिरवून बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी भिंगरीला जवळ बसवलं. मारायला नेतायत की काय अशा चेहऱ्याने ती आली. बाईंनी तिच्या पत्रिकेतलं एक गणित दाखवलं, ५२ वजा ३८. भिंगरीने उत्तर लिहिलं होतं २६.

"हे कसं केलंस, सांग बघू. रागावणार नाही."

"आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन."

"पण दोन वर आहेत आणि आठ खाली. मग आठातून दोन का काढलेस?"

भिंगरीने बाईंकडे असं बघितलं, जणू बाईंचंच काही बिनसलंय. "तुम्हीच म्हणाला होता ना! नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं म्हणून."

बाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्याच होत्या, वर्षाच्या सुरुवातीला, घाईघाईत. बाकीच्या मुलांनी ते कानाआड केलं होतं. भिंगरीने मात्र बाईंचा शब्द प्रमाण मानून प्रत्येक गणितात इमानेइतबारे पाळला होता. तिच्या सगळ्या चुका त्या एकाच वाक्यातून निघाल्या होत्या.

"बरं," बाई म्हणाल्या, "वही बंद कर. तुमच्या बेकरीत पाव कसे ठेवतात?"

भिंगरीचा चेहरा उजळला. "दहा पावांचा पुडा. आणि दहा पुड्यांचा खोका."

"मग समज, पाच पुडे आहेत आणि दोन पाव सुटे. एकाला अडतीस पाव हवेत. बाबा काय करतील?"

"तीन पुडे देतील आणि..." ती थांबली. "सुटे दोनच आहेत. मग एक पुडा फोडायचा! बारा सुटे होतील. त्यातले आठ द्यायचे, चार राहिले. पुडे राहिले चार, त्यातले तीन दिले, एक उरला. चौदा पाव उरले, बाई!"

"आता तीन खोकी आहेत. सुटा पुडा एकही नाही. सुटे पाव दोन. आणि गिऱ्हाइकाला हवेत एकशे सत्तेचाळीस."

भिंगरी डोळे मिटून बसली. बोटं हवेत काहीतरी उघडत होती, फोडत होती. "खोका फोडला, दहा पुडे निघाले. त्यातला एक पुडा फोडला, म्हणजे पुडे नऊ आणि सुटे बारा." मग उत्तर आलं ते ओरडूनच आलं. "एकशे पंचावन्न!"

हे गणित वर्गात जवळजवळ कोणालाच आलं नव्हतं. त्याच दिवशी शेवटच्या तासाला ते फळ्यावर भिंगरीने शिकवलं. खोके, पुडे, पाव, सगळं खडूने काढून. मॉनिटरने दोनदा हात वर केला, "पुन्हा सांग ना, पुडा का फोडला?" आणि भिंगरी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे, सुटे नव्हतेच ना!"

त्या आठवड्यात बाईंनी नवा तक्ता केला. त्यावर एकाही मुलाचं नाव नव्हतं. खाली ओळीने वर्षभरात शिकायच्या गोष्टी लिहिल्या होत्या: हातच्याची बेरीज, हातच्याची वजाबाकी, मधे शून्य असलेली वजाबाकी, गुणाकार, घड्याळ, असं बरंच काही. एखाद्या मुलाला ती गोष्ट जमली, की त्याने स्वतः त्या गोष्टीच्या वर रंगीत कागदाचा एक चौकोन चिकटवायचा. चौकोनांवर चौकोन चढत मनोरे उभे राहायचे. कुठला मनोरा कोणी उंच केला हे कोणाला कळायचं नाही. बुटका मनोरा मात्र सगळ्यांना दिसायचा, आणि बाई त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "इथे आपलं घोडं अडलंय. उद्या हेच." काय येतं आणि काय अजून येत नाही, ते लिहिलेली प्रत्येक मुलाची स्वतःची पट्टी वेगळ्या पाकिटात, कपाटात. ती त्याने बघायची, बाईंनी बघायची, आणि घरच्यांनी. तक्त्याच्या बाजूला दोन खिसे लावले होते. एकावर लिहिलं होतं 'मला जमतं, विचारा' आणि दुसऱ्यावर 'मला मदत हवी'. मुलांनी आपलं नाव आणि विषय लिहून चिठ्ठी हवी तिथे टाकायची, नको असेल तर टाकायची नाही. आधी दुसरा खिसा रिकामाच राहिला. मग एके दिवशी मॉनिटरने त्यात 'घड्याळ' अशी चिठ्ठी टाकली, आणि त्यानंतर कोणाला संकोच वाटेनासा झाला.

मुख्याध्यापकांना मात्र हे रुचलं नाही.

"बाई, नावं कुठे गेली? आता कोण मागे आहे ते कळणार कसं?"

"मला कळतं, सर. मुलाला कळतं. त्याच्या आईवडिलांना मी सांगते. भिंतीला कशाला कळायला हवं?"

"अहो, तपासणी आहे पुढच्या महिन्यात! अधिकारी विचारतील. सगळ्या वर्गांत एकसारखे तक्ते आहेत, एकट्या तुमच्याकडे हे इमारतीचं चित्र. तेवढ्यापुरता जुना लावा, मग काढा."

बाईंनी आजवर कोणा मुख्याध्यापकाचा शब्द मोडला नव्हता. तरी त्यांनी कपाटामागची गुंडाळी काढून टेबलावर उलगडली, आणि शेवटच्या ओळीवरचा तेलाचा डाग दाखवला. तो कसा पडला तेही सांगितलं. एक शब्द वाढवून सांगितला नाही.

मुख्याध्यापकांनी वाकून त्या डागावरून बोट फिरवलं. वाईट माणूस नव्हता तो. फक्त घाईत होता. "तपासणीत काही झालं, तर जबाबदारी माझ्यावर येईल," ते शेवटी म्हणाले.

"माझं नाव सांगा, सर."

तपासणीच्या दिवशी अधिकारी चौथीच्या वर्गात आले. चष्मा पुसून त्यांनी तक्ता निरखला आणि सगळ्यात बुटक्या मनोऱ्यावर बोट ठेवलं. "हा इतका कमी का?"

मुख्याध्यापक दारातच उभे होते.

"भागाकार आहे तो," बाई म्हणाल्या. "मी तो घाईत शिकवला. बऱ्याच मुलांना समजलेला नाही. या आठवड्यात पुन्हा घेतेय, वेगळ्या पद्धतीने."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "हे असं आम्हाला कोणी सांगत नाही," ते म्हणाले, आणि एका मुलाला विचारून त्याचं पाकीट उघडून पाहिलं. चहा घेतला, निघून गेले. मुख्याध्यापकांचे पुढचे काही दिवस काळजीतच गेले. मग अहवाल आला. त्यात शाळेतल्या सगळ्या तक्त्यांबद्दल लिहिलं होतं, की ते सुबक आहेत. चौथीच्या तक्त्याबद्दल लिहिलं होतं, की तो उपयोगी आहे. मुख्याध्यापकांनी तो कागद बाईंपुढे ठेवला आणि कान पकडल्यासारखं केलं. पुढच्या बैठकीत त्यांनी टेबलावर हात न आपटता सांगितलं, की ज्यांना चौथीसारखं करून बघायचंय त्यांनी बघावं. तिसरीच्या बाईंनी लगेच केलं. सातवीच्या सरांनी ठणकावून सांगितलं, "माझे लाल-हिरवे ठिपकेच बरे," आणि ते त्यांनी ठेवले.

पालकसभेला बेकरीवाले आले ते पीठ झटकतच. हा धिप्पाड, कमी बोलणारा माणूस पहिल्या सभेत लेकीची लाल खूण बघून मान खाली घालून परत गेला होता. आता त्याने भिंत वरपासून खालपर्यंत शोधली, पुन्हा शोधली. मग कावराबावरा होऊन विचारलं, "बाई, माझ्या पोरीचं नाव कुठाय? काढून टाकलं की काय शाळेतून?"

"अहो, नाही हो!" बाईंनी पाकीट काढून भिंगरीच्या हातात दिलं. "तूच दाखव गं बाबांना."

भिंगरीने पट्टी उलगडली. "हे बघा, हे सगळं येतं मला. वजाबाकी तर मी दुसऱ्यांना शिकवते. हे पाढे अजून येत नाहीत. आठाचा नि बाराचा."

"येत नाहीत, आणि हसत सांगतेस?"

"अजून येत नाहीत, बाबा. बाईंनी मला या महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय."

वडील पट्टी हातात घेऊन बघत राहिले. त्यांच्या अंगठ्याचं पीठ तिला लागलं. "वजाबाकी कोणी शिकवली तुला?" त्यांनी विचारलं.

"आपल्या दुकानाने," भिंगरी म्हणाली, आणि बाई खो-खो हसल्या.

वर्षाच्या शेवटी भिंगरी काही पहिली आली नाही. मधे कुठेतरी आली. बाराचा पाढा तिला शेवटपर्यंत अडखळतच यायचा, आणि ते ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायची. पण पाचवीत गेल्यावर ती कोणत्याही भिंतीला पाठ लावून बसत नव्हती, आणि पाचवीच्या सरांनी दुसऱ्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत येऊन हात टेकले, "काय हो बाई, ही मुलगी प्रश्न विचारून विचारून नाकी नऊ आणते!"

"आणू द्या," बाई म्हणाल्या.

नव्या वर्षी नवी चौथी आली. पहिली चाचणी झाली आणि बाईंनी पुन्हा कागद पसरून फुल्या मांडल्या. या वेळी काळी रांग लागली ती घड्याळाखाली. निम्म्या मुलांना तास-काटा आणि मिनिट-काटा यांतला फरकच कळलेला नव्हता. आधी बाई वैतागल्या. मागच्या वर्षी घड्याळ किती छान जमलं होतं! मग त्यांनी स्वतःलाच दटावलं, ही मुलं मागच्या वर्षी इथे होती का? सकाळी शाळेत आल्या आल्या त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, कार्यालयातलं ते बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ वर्गात नेऊ का? मुलांना काटे हाताने फिरवायला."

"न्या की. पण ते चालत नाही हो."

"तसंच हवंय," बाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून घड्याळ उतरवायला स्वतःच वर चढल्या.